पाणी कुठे मुरतंय?

"ती कुंडी आधी खाली ठेव!"

ती दचकली. वनस्पतिशास्त्राच्या व्हरांड्यात बेवारस दिसली म्हणून तिने कुंडी उचलली होती, आणि समोर कोपरापर्यंत मातीने माखलेला एक उंच मुलगा उभा होता. सगळं कॉलेज त्याला माळीबुवा म्हणे. इथली झाडं त्यानेच वाढवलेली, त्यामुळे इथे त्याचाच शब्द चाले.

"चोरत नाहीये मी," तिने नाक उडवलं. "माझ्या प्रोजेक्टला हवीय. माती सुकली की पंप आपोआप सुरू, ओली झाली की बंद. सगळं मी घरी बनवलंय."

"आणि नाही झाला सुरू तर?"

"होणारच!"

तो हसला. त्याचे डोळे आधी हसत, ओठ मागून. "मग इथेच लाव, माझ्या डोळ्यांदेखत. पण एक जरी झाड सुकलं ना, इंजिनीअरबाई... तर गाशा गुंडाळायचा."

तिने कुंड्यांत तारा खोचल्या, नळ्या ओढल्या, पाण्याचा डबा काठोकाठ भरला. पंप मात्र ढिम्म! दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. तास संपले की ती धावत यायची, सगळं सोडवून पुन्हा जोडायची. तो शेजारी बसून पिवळी पानं खुडायचा.

"गेला का रुसवा त्याचा?"

"जात होता. तुझं तोंड बघितलं आणि पुन्हा रुसला."

बोलता बोलता ऊन उतरायचं. पंपाचं व्हायला हवं होतं तेवढं दुःख होत नाहीये, हे तिला घरी जाताना कळायचं आणि उगाच गाल तापायचे.

मग प्रोजेक्टच्या सरांनी तिला बोलावलं. "परवा परीक्षा. बाजारात तयार मिळतं, तेच आणून दाखव. पास करतो."

"नको, सर. नापास झाले तरी माझंच दाखवीन."

म्हणाली खरी, पण बाहेर आल्यावर तिचे डोळे भरून आले. तशीच तडक व्हरांड्यात गेली आणि कुंडीत बोट खुपसलं. माती ओली! डबा तर अजून भरलेलाच. पंप एकदाही चालला नाही, मग ही ओल आली कुठून? कुठेतरी पाणी मुरत होतं, अगदी शब्दशः. तिने मान वर केली. माळीबुवा झारी पाठीमागे लपवत होता.

"तू?"

"ऊन फार होतं गं... मला बघवेना." त्याने मान खाली घातली. "बोल, काय बोलायचं ते."

पण तिने चक्क टाळ्या पिटल्या. "म्हणजे माझं यंत्र बरोबर होतं! माती ओली होती, म्हणून ते गप्प बसलं. तुझ्यापेक्षा शहाणं आहे ते! आता परवापर्यंत त्या झारीला शिवायचं नाही."

परीक्षेला सर आले तेव्हा पानं किंचित मलूल झाली होती. माळीबुवाचा जीव वरखाली... हात झारीकडे वळला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. आणि मग खर्रर्र करून पंप सुरू झाला! नळ्यांतून पाणी आलं, माती काळी झाली, आणि पंप आपला आपण थांबला.

"हे तू बनवलंस?" सरांनी चष्मा काढून विचारलं.

"मीच." तिची मान इतकी ताठ कधीच नव्हती.

"हिनेच, सर," तो मध्येच म्हणाला. त्याचा ऊर तिच्यापेक्षा जास्त भरून आला होता. "मी फक्त चोरून पाणी घालून घोळ घातला."

सर हसत हसत गेले. मनगट अजून तिच्याच हातात होतं.

"खरं सांगू?" तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी झाडांची दया आली. नंतर मात्र... पंप चालला असता, तर तू यायची थांबली असतीस."

"आणि मी नापास झाले असते, मग?"

"आज सरांना सगळं सांगणारच होतो. शपथ!"

तिने डोळे वटारले. मग तिला हसू आवरेना.

"अरे वेड्या, पंप चालतो आपोआप. डबा कोण भरणार होतं, तुझे आजोबा? त्यासाठी मी रोज येणारच होते... आणि येणारच आहे."