‘आणि इतर’मधला माणूस

लिफ्ट बंद होती म्हणून प्रज्ञेश जिन्याने उतरत होता. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं आणि आतल्या पडद्यावर एक सावकार कुणाला तरी दटावत होता. प्रज्ञेश दारातच थांबला.

“हे माझे पणजोबा आहेत.”

पडद्यासमोर बसलेल्या मुलीने मान वर केली. “असं बरेच जण म्हणतात. फक्त सगळ्यांना नायक हवा असतो.”

“मला सावकार चालेल.”

कोथरूडच्या त्या इमारतीत जुन्या चित्रपटांचं छोटंसं संग्रहालय होतं. वर प्रज्ञेशची आयटी कंपनी. पडद्यावरच्या चेहऱ्यांना नावं लावणं हे त्या मुलीचं, आम्रपालीचं काम. चित्रपटांच्या सुरुवातीच्या पाट्यांवर मोठ्या नटांची नावं असत. उरलेले सगळे – ‘आणि इतर’.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेशने पणजोबांचा, रतन यांचा, घरातला एकुलता एक फोटो आणला. आजीकडून ऐकलेलं तेवढंच त्याला ठाऊक होतं : आधी तमाशात सोंगाड्या, मग नाटक कंपनीत द्वारपाल, मग बोलपट.

आम्रपालीने फोटो पाहिला, मग त्याच्याकडे. “जरा मान वळवा.”

“का?”

“कान बघायचेत. दाढी चिकटवता येते, कानांचं काही करता येत नाही.”

त्याने मान वळवली. ती जरा जास्तच वेळ बघत राहिली... त्याच्या कानाची पाळी लाल झाली, तेव्हा तिनेच नजर काढून घेतली.

“जुळतात,” ती कोरडेपणाने म्हणाली.

मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येऊ लागला. रतन कधी मामलेदार असत, कधी गोसावी. एकदा तर नायिकेची आत्या निघाले.

“तुमच्यापेक्षा पदर छान सांभाळतात,” प्रज्ञेश म्हणाला.

“मी ओढणीसुद्धा घेत नाही.”

“म्हणूनच म्हटलं.”

ती हसली. पडद्यावर ओरखड्यांची भुरभुर चालू होती, आवाज खरखरत होता. “आजी म्हणते, घरी ते बोलतच नसत,” तो हळूच म्हणाला. “आणि इथे बघा...”

शेवटच्या चित्रपटात एक म्हातारा गाडीवान होता. दाढी नाही, मिशी नाही, पागोटं मांडीवर. अगदी फोटोतलाच चेहरा.

“हे नाहीत वाटत,” प्रज्ञेश म्हणाला.

“नीट बघा.”

“बघितलं. हो म्हटलं की काम संपतं.”

तिला समजलं. ती म्हणाली, “नाही म्हटलं, तर ते पुन्हा ‘आणि इतर’मध्ये जातात.”

गाडीवानाने बैलांना हाक दिली. गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत प्रज्ञेश बघत राहिला.

“तेच आहेत,” तो म्हणाला.

आम्रपालीने नाव टाइप केलं. पडदा बंद झाला. त्याने न उघडलेला डबा पिशवीत घातला आणि उठला.

“आता कामासाठी येऊ नका,” ती म्हणाली.

“बरं.”

“उगाच येत जा.”

तो वळला. “उगाच – म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही आलेलं मला आवडतं. बसा आता, भाजी गार होतेय.”