सातवा टॅब

ब्राउझरमध्ये पान उघडताना टॅबवर एक बारीक चक्र फिरतं. आमच्याकडे ते दोन, फार तर तीन सेकंद फिरायचं. त्या मंगळवारी ते अकरा मिनिटं फिरलं... आणि इंटरनेटची वायर तेव्हा माझ्या हातात होती.

हे खरं घडलंय. दुपारी पावणेचारला, लख्ख उजेडात, आमच्या मधल्या खोलीत. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जे मोजलं नाही, ते लिहायची मला सवय नाही.

आमचे हे जाऊन चौदा महिने झाले होते. शेवटच्या दिवशी यांनी ब्राउझरमध्ये सहा टॅब उघडे ठेवले होते. हवामान, रेडिओ, शब्दकोडं, गुडघ्याचे व्यायाम... असंच काहीबाही. ब्राउझर उघडला की तेच सहा परत यायचे. मी एकही बंद केला नव्हता. रोज कामावरून आले की उभ्यानंच बघायचे. यांच्या खुर्चीत मी बसत नसे.

मुलीला नववा महिना लागला होता. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. घरात दुसरं कुणी नाही. ती रोज फोनवर विचारायची, आई, कधी येतेस? मी म्हणायचे, बघते.

पाय निघत नव्हता.

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरवर अपडेट झालं. ब्राउझर उघडला...

कोरं पान.

मी धाकट्या दिरांना बोलावलं. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आले ते हसतच.

"वहिनी, अख्खं शहर तुमच्या सहीवर पाणी पितं, आणि एक सेटिंग सापडेना?"

काही गेलं नव्हतं म्हणे. अपडेटनं फक्त सुरुवातीची सेटिंग बदलली होती. भावजींनी ती पहिल्यासारखी केली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला.

टॅब आले. एक, दोन... सहा.

सात.

सातव्यावर बसच्या तिकिटाचा फॉर्म होता. रविवार, सकाळची गाडी. इथून मुलीच्या गावापर्यंत.

प्रवासी: २.

तो मी भरला नव्हता. कुणीतरी बाहेरून मशीनमध्ये शिरलंय, असं म्हणत भावजींनी मागची वायर उपटून माझ्या हातात दिली.

सातव्या टॅबवरचं चक्र फिरतच राहिलं.

मी दोन पुसून एक लिहिला, हात मागे घेतला.

खोलीत आवाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचाही...

मग कीबोर्डवर टक्.

प्रवासी: २.

भावजी माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात खिशात होते.

पुन्हा पुसला. पुन्हा टक्.

चौथ्या वेळेला भावजी बाहेर पायरीवर जाऊन बसले. आजही ते आत येत नाहीत, फाटकातूनच विचारपूस करतात. सॉफ्टवेअरचा दोष, असं मी नंतर वहीत लिहिलं. मग खोडलं. तिथं दुसरं काय लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.

नऊ वेळा मी तो आकडा बदलला. नवव्या वेळी मान वळली तेव्हा दिसलं... यांची खुर्ची टेबलापासून मागे सरकली होती. माणसाला बसायला जागा लागते, तेवढीच.

चौदा महिन्यांत या खोलीत मी मोठ्यानं एक शब्द बोलले नव्हते.

"मी रविवारी लेकीकडे जातेय," मी म्हणाले. "एकटी."

अकराव्या मिनिटाला चक्र थांबलं.