तिप्पट मोठी चोच

त्रिमितीय छपाई यंत्राचं झाकण उघडलं आणि ऋजुताचा चेहराच पडला. आत तयार झालेलं चोचीचं टोक शहामृगालाही जड झालं असतं.

"मी तर नीट मापाने काढलं होतं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "चार बोटांएवढं. मग हे असं कसं झालं?"

देवरुखजवळच्या त्या पक्षी-दवाखान्यात त्या दिवशी सगळ्यांचीच घाई होती. वळवाच्या वाऱ्यात एक नर धनेश विजेच्या तारेवर आदळला होता आणि त्याच्या वरच्या चोचीचं टोक तुटून गेलं होतं. एरवी त्याला निवांत हाताने भरवता आलं असतं. पण हे दिवस विणीचे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. उरते ती एक अरुंद फट. त्या फटीतूनच नर तिला आणि पिल्लांना फळं भरवतो. बेहड्याच्या उंच झाडावर त्याची मादी पिल्लांसह उपाशी बसली होती.

"माणूस चढला तरी ती बिथरते आणि ड्रोन नेला तर आणखीच," डॉक्टर नर्गिस मुकादम म्हणाल्या होत्या. "त्याचं काम त्यालाच करायला हवं."

तुटलेलं टोक काही सापडलं नाही. पण अकरा वर्षांची ऋजुता शाळा सुटल्यावर उंबराखाली बसून याच धनेशाची चित्रं टॅबवर काढायची. बाजूने, वरून, समोरून. त्याची चोच टोकाशी किंचित डावीकडे कलली आहे, हेसुद्धा तिने टिपलं होतं. नवं टोक बनवायला तेवढाच आधार होता.

"डॉक्टरमावशी माझ्यावर विसंबून आहेत," ती म्हणाली, "आणि मी घोळ घातला."

दवाखान्याच्या कार्यशाळेतला यंत्रमानव तिच्याशेजारी गुडघ्यांवर टेकला. सगळं मोजूनमापून करतो म्हणून मुलांनी त्याचं नाव मापारी ठेवलं होतं.

"घोळ घातलाच असेल तर दोघांनी," तो म्हणाला. "तू चित्र काढलंस चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये. मी ते उघडलं कॅडमध्ये (संगणकावर मापासकट वस्तूचा आराखडा करण्याचं साधन). दोघांची बोली वेगळी, हे मी आधीच सांगायला हवं होतं. बरं, मला सांग, आईने तुला नुसतं 'पाच आण' म्हटलं तर काय आणशील?"

"पाच काय ते विचारीन. पाच लिंबं, की पाच किलो कांदे!"

"मी विचारलं नाही, तिथेच फसलो. तुझ्या फाइलमध्ये टोकाची लांबी होती अडीचशे. तुझा प्रोग्रॅम मोजतो पॉइंटमध्ये (छपाईतलं बारीक माप, जवळजवळ तीन पॉइंटांचा एक मिलिमीटर होतो). मी ते अडीचशे मिलिमीटर धरले."

ऋजुताने डोळे पुसले. "म्हणून जवळजवळ तिप्पट झालं! मग चित्राशेजारी एक रेषा काढून ठेवू का? बरोबर पन्नास मिलिमीटरची. तुझ्याकडे ती तेवढीच भरली, तर चोचही बरोबर असणार."

"छान सुचलं तुला!" मापारीचे दिवे लुकलुकले.

या वेळी रेषा बरोबर पन्नास भरली. पण कॅड अडून बसलं. पडद्यावर अक्षरं उमटली : आकृती बंद नाही.

"बंदच तर आहे!" ऋजुता म्हणाली. मापारीने चित्र मोठं करत नेलं. खूप मोठं झाल्यावर दिसलं, की टोकाशी दोन रेषा एकमेकींना टेकतच नव्हत्या. मध्ये केसाएवढी फट होती.

"तुझा डोळा दयाळू आहे, तो फट भरून घेतो. कॅडला मात्र आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, हे ठरवावं लागतं. त्याशिवाय भरीव वस्तू बनत नाही. कुंपणालाच खिंडार पडलं, तर गुरं आत आहेत की बाहेर, कसं सांगणार?"

ऋजुताला हसू फुटलं. तिने रेषा जोडल्या. यंत्र घरघरलं आणि थोड्या वेळात खरंच चार बोटांचं टोक बाहेर आलं. डॉक्टरांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"पायऱ्या लागतात गं हाताला. फळं सोलवटतील, चोचही दुखेल."

मापारीने वेताची एक काडी आणून दोन खिळ्यांमध्ये वाकवली. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये वक्ररेषा अशी असते. थोडे बिंदू तिला ओढून धरतात आणि ती आपली आपण गोलाईने वळते. फाइल देताना मात्र आपण तिचे आखूड, सरळ तुकडे केले. तुकड्यांच्या सांध्यांवर पायऱ्या आल्या."

"मग वक्ररेषा वक्ररेषा म्हणूनच पाठवू," ऋजुता म्हणाली. तिने हात थरथरून पडलेले जास्तीचे बिंदू एकेक करून पुसले. फार थोडे उरले, आणि कड पाण्यासारखी वाहू लागली.

नवं टोक बसवल्यावर धनेशाने डोकं जोरात झटकलं. डॉक्टरांनी पुढे केलेलं उंबर त्याच्या चोचीतून निसटलं. दुसरंही निसटलं. ऋजुताने डॉक्टरांचा हात घट्ट धरला. तिसरं उंबर त्याने टोकात पकडलं, वर उडवलं आणि गट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडलं. सगळे दूरवर झुडपांआड बसले. तो आधी उंबराची फळं घशात साठवून घ्यायला गेला, मग बेहड्यावर येऊन ढोलीपाशी बसला. फटीत काहीच हललं नाही. मग आतून एका चोचीचं टोक हळूच बाहेर आलं आणि धनेशाने एक उंबर त्यात अलगद ठेवलं. त्यामागून दुसरं. ऋजुताचे डोळे भरून आले.

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "किनाऱ्यावरून एक कासव आणतायत. वल्ह्यासारखा पुढचा पाय गेलाय बिचाऱ्याचा."

ऋजुताने लगेच टॅब काढला. मापारी घुटमळत तिच्याजवळ आला.

"मला मोजता येतं," तो म्हणाला, "पण चोच डावीकडे कललीय, हे मला कधी दिसलंच नसतं. मला चित्र काढायला शिकवशील?"

ऋजुताने टॅबची लेखणी त्याच्या धातूच्या बोटांत दिली आणि त्याची मूठ सैल केली.

"आधी नुसतं बघायचं," ती म्हणाली. "खूप वेळ."