शेजारचा श्वास

भोरच्या स्टँडवर वेल्ह्याची एसटी लागली आणि मधुवंतीला खिडकी मिळाली. तिनं डोळे मिटून घेतले. शेजारी कुणीतरी येऊन बसलं... आणि तो श्वास कानी आला. लांब आत घेतलेला, मध्येच अडखळलेला, मग हळूच सुटलेला. हा श्वास ती ओळखत होती. डोळे उघडून चेहरा मात्र ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

भोरला लताताई समुपदेशन करतात. दर रविवारी त्या मनानं थकलेल्या माणसांना झेन पद्धतीनं ध्यानाला बसवतात. तोंड भिंतीकडं, बोलायचं नाही, फक्त आपला श्वास बघायचा; तास संपला की मान खाली घालूनच एकेकानं निघायचं. वडील गेल्यापासून वेल्ह्याच्या खोलीत एकटी राहणारी मधुवंती तिथं जायची ती आपला श्वास बघायला – आणि बघत बसायची शेजारचा. ताईंना तिनं हे कधी सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

"तुमी माज्या शेजारच्या ना?" त्यानं विचारलं. "बांगड्यांवरनं वळखलं."

"ध्यान करत होतात, की बांगड्या ऐकत होतात?"

तो लाजला. "थोडं थोडं दोन्ही. मी सोमनाथ, कामथडीचा. आज शेवटचंच बसलो बगा. भाऊ गेल्यापासून छाती दाटायची. आता ताई म्हणल्या, घरी बसलात तरी चालंल."

"छान झालं," मधुवंती म्हणाली आणि बाहेरच्या रिकाम्या भातखाचरांकडे बघत राहिली. छान कसलं? ऑफिस सुटलं की तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, एकटीपुरता भात टाकायचा. आठवड्यातून तासभर कुणीतरी सोबतीला असल्यासारखं वाटायचं, तेवढंही आता जाणार. आज आपण गप्प राहिलो तर कायमचेच गप्प राहू, हे तिला कळून चुकलं.

"मला माझा श्वास कधी बघताच आला नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "मी... तुमचाच बघत होते. तुम्ही येणार नसाल तर मी कुणासाठी येऊ?"

कापूरहोळ मागं पडलं, कामथडी आली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"आई घरी हाय. चहाला येता?"

"आत्ता?"

"आत्ताच. पुन्हा इचारायला माजा धीर व्हायचा न्हाई."

मधुवंती पर्स सावरत उठली. वेल्ह्याला तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.