निळ्या शाईचा गोल

कारंज्याच्या वाटेवरचं ते छोटेखानी इस्पितळ आता राहिलं नाही, पण सत्तरच्या दशकात तिथली एक रीत भारी होती. डॉक्टर मधुकरराव चिठ्ठीवर नुसतं दुखणं लिहायचे. अँटिबायोटिक कोणतं द्यायचं, ते मात्र औषधांच्या खिडकीशी येऊन प्रभाकररावांशी बोलूनच ठरवायचे. गावाच्या लेखी प्रभाकरराव कंपाउंडरच. 'फार्मासिस्ट' हा शब्द त्यांच्या बायकोलाही धड उच्चारता येत नसे.

त्या श्रावणातल्या दुपारी आभाळ इतकं दाटलं होतं की खिडकीत कंदील लावावा लागला. अनुसया नावाची तरणी बाई शेतात तण निंदताना पायात काटा मोडून आली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात फणफणता ताप, आणि कडेवर तान्ही लेक. विष अंगात भिनलं तर बाई हातची जाणार, हे दोघांनाही दिसत होतं.

"पेनिसिलीनच?" डॉक्टरांनी विचारलं.

"याले तेच लागू पडते," प्रभाकरराव म्हणाले. मग बाईकडे वळून, "सुईचा कधी त्रास झाल्ता का?"

"नाई जी."

त्यांनी तिच्या हातावर चाचणीपुरता थेंब टोचला, भोवती बॉलपेनने गोल काढला आणि तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. गोलात गांध उठली की समजायचं, हे औषध या माणसाला विष आहे.

सिरिंज उकळत असताना खिडकीशी कुबट वास आला. पेनिसिलीनची बाटली उघडली की येतो तसा, पण बाटली तर कपाटात होती. खिडकीत एक बाई उभी होती. तिने फळीवर टेकलेल्या हातावरही निळा गोल होता, आतली कातडी अगदी साफ.

"विमलाले ते सुई देऊ नको, भाऊ..."

"विमला कोन? इथं विमला नाई."

"गोलात काई उठत नाई... मंग देतेत..."

प्रभाकरराव घाईने बाहेर आले. बाकावर लेकीला घेतलेली अनुसया तेवढी होती. तिच्या गोलात काही उठलं नव्हतं. भास झाला असेल म्हणून त्यांनी सुई भरली, पण टोचण्याआधी विचारलंच.

"बाई... विमला कोन?"

अनुसया दचकली. "मीच. लग्नात नाव बदललं. विमला तं मले मायच म्हने."

"माय कुठं हाय?"

"गेली. तिले अशीच सुई देल्लती. हातावर असाच गोल... काईच उठलं नाई म्हने. मंग मोठी सुई देल्ली, अन् बाकावरच..."

"हे मघाशी काऊन नाई सांगतलं?"

"तुमी माहं विचारलं. मायचं कुठं विचारलं?"

प्रभाकररावांनी भरलेली सुई मोरीत रिकामी केली. खिडकीतल्या बाईचं डॉक्टरांना सांगायचा धीर झाला नाही. अनुसयाच्या आईचं तेवढं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्याऐवजी एरिथ्रोमायसीन आहे का?"

"थोडंच हाय. पुरवतो."

पुरलं. ताप उतरला, सूज ओसरली, आणि अनुसया लेकीला कडेवर घेऊन स्वतःच्या पायांनी घरी गेली. प्रभाकरराव मागच्या खोलीत जाऊन आनंदाने ढसाढसा रडले, मग दोन कप चहा प्यायले. तेव्हापासून ते प्रत्येकाला आईबापाचंही विचारू लागले. खिडकीच्या फळीवर शाईचा एक गोल उमटला होता, तो त्यांनी स्पिरिटने पुसून टाकला.

पुढे कित्येक वर्षं फळी कोरी राहिली. मग एका दुपारी ते पेनिसिलीन घेऊन कपाटाकडून वळले आणि तो कुबट वास आला. बाकावर काकासोबत आलेली, घसा सुजलेली एक पोरगी बसली होती.

"तुई माय कोन वं?"

"अनुसया."

प्रभाकररावांनी बाटली परत ठेवली आणि हलक्या मनाने दुसरं औषध काढलं. ते द्यायला खिडकीशी आले, तर फळीवर निळा गोल होता, ओल्या शाईचा. त्यांचं बॉलपेन तर त्या दिवशी घरीच राहिलं होतं.