कोरडी लादी

बर्फाच्या कारखान्यात माणसं थंड डोक्याची असतात, असा कुणाचा समज असेल तर त्याने मेव्हण्याला बघावं. मालक गेले, त्यांची खुर्ची याने बळकावली, तरी कामगारांच्या तोंडी तो मेव्हणाच राहिला. तो राग तो पत्र्याच्या डब्यांवर लाथा घालून काढी.

मालक गेले ते डबे उचलायची यारी दुरुस्त करताना, विजेच्या धक्क्याने. मेन बंद केलं असतं तर माल अर्धाकच्चा राहिला असता. म्हणून मेव्हण्यानेच तोड सुचवली होती. "भावजी, बर्फाच्या लादीवर उभे राहा. पाण्यातून करंट जातो, बर्फातून नाही."

बोलणं खोटं नव्हतं. फक्त डबे ज्यात बुडवून गोठवतात त्या टाकीतलं खारं पाणी लादीवर सांडलेलं असतं, ते आधी पुसायला हवं. आणि ते काम मेव्हण्याकडे होतं. पुसलं होतं, असं तो इतक्यांदा सांगून बसला होता की आताशा फडकं हातात घेतल्याचंही त्याला आठवू लागलं होतं.

मग मासळीवाली भांडायला आली. बर्फ विकता की मिठागर, असं तिने चारचौघांत विचारलं. मेव्हण्याने खडा चाखला. खारट. डबे तपासले; एकाही डब्याला भोक नव्हतं. लादीच्या पोटात पांढरी वात असतेच, पाण्यातले क्षार तिथे गोळा होतात. पण हल्ली ती वात दिवसेंदिवस जाड होत चालली होती.

त्याच आठवड्यात ताई आली, मेव्हण्याची थोरली बहीण, मालकांची बायको. कारखाना आता तिचा. भर दुपारी, सगळ्यांसमोर, तिने किल्ल्यांचा जुडगा हातात धरला.

"लादी पुसली होतीस ना?"

"किती वेळा सांगू?"

"मग आज पूस. आणि उभा राहा. काही झालं नाही तर किल्ल्या तुझ्या."

नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने नवी लादी काढवली, गोणपाटाने पुसली, वर कोरडं फडकं दोनदा फिरवलं. वायरमनने दिव्याची एक तार चालू लाईनला जोडली आणि दुसरी लादीला टेकवली. दिवा लागला नाही.

"बघ," मेव्हणा म्हणाला.

"दिवा नव्हता मेला," ताई म्हणाली.

तो गमबूट काढून अनवाणी चढला. दिव्याची एक तार तशीच लाईनला, दुसरी त्याच्या मुठीत. दिवा काळाच. मेव्हणा हसला आणि मोकळा हात किल्ल्यांसाठी पुढे केला. ताईनेही किल्ल्यांचा हात लांबवला.

तेवढ्यात दिव्याच्या काचेतली तार लालसर झाली.

झटका बसला नाही. थंडीही वाजेना.

"उतरा," वायरमन म्हणाला.

मेव्हण्याने खाली पाहिलं. "कोमट लागतंय," तो हळूच म्हणाला. "ताई, पाय निघत नाहीयेत."

वायरमनने धावत जाऊन मेन पाडलं. यंत्रांची घरघर थांबली.

दिवा तसाच लालसर होता.

ताई वाकली. तिने लादीवरून बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत. पोटातली वात फुटून दोन फाट्यांनी वर आली होती, आणि मेव्हण्याच्या तळव्यांना आतून दोन पांढरे तळवे टेकले होते. उजव्याचा अंगठा किंचित आत वळलेला.

तो अंगठा तिच्या ओळखीचा होता.

तिने किल्ल्या परत मुठीत घेतल्या.

"आज नीट पुसलीस," ती म्हणाली.