टोचू का, काकी?

"टोचू का, काकी?"

"टोच गं बाई. दर वेळी काय विचारतेस?"

"नियम आहे. तुम्ही नको म्हणालात, की अभ्यास बंद."

"नको म्हणायची सवय कुणाला आहे!" कुमुदकाकी हसल्या. त्यांची मुलगी ऋतुजाही हसली. डॉ. नफीसा मुकादमने सुई खाली आणली, पण काकींच्या अंगावर नव्हे, समोरच्या काचेच्या बशीत.

हवा तापत गेली तशी वाळूमाशी कोकणात उतरली होती. तिच्या चाव्यातून शिरणारा परजीवी कातडीत महिनोन्‌महिने दडून राही. व्रण दिसेपर्यंत उशीर झालेला असे. त्याला लवकर पकडणारी चाचणी शोधण्यासाठी माणसांना किती टोचणार? म्हणून रुग्णाच्या तांदळाएवढ्या तुकड्यापासून मज्जातंतूंसकट वाढवलेली ही 'जुळी त्वचा'. परजीवी असला, की औषधाचा थेंब टोचताच तिच्यावर काटा येई. कातडी काकींची, म्हणून संमतीही काकींचीच.

परतताना मायलेकींनी बाजारातून सौंदाळे मासे घेतले. दुसऱ्या दिवशी काकींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर नफीसाने ऋतुजाला बोलावलं. "संमती आता तुझी. पण आधी हे बघ." सुई न उचलताच ती म्हणाली, "टोचू का, काकी?"

बशीतली बारीक लव ताठ उभी राहिली.

"ऐकू येतं तिला?"

"कान कुठले? आवाजाची थरथर पोचते. थरथरीमागून सुई येते, हे तंतू शिकले असावेत."

"मग आई असताना का नाही शिकले?"

"तेव्हा मधे काकींचं 'टोच' असायचं, त्या आवाजाने ती शांत राहायची. तुझा आवाज अगदी तसाच आहे, ऋतू. फोनवर मी फसायचे. तू म्हणून बघ."

"आणि नाही म्हटलं तर?"

"बशीतली त्वचा जाळायची. चाचणी मागे पडेल. गावोगावची माणसं थांबलीत गं."

"ठेवली तर?"

"अन्नरस मिळत राहिला, तर आपण दोघी गेल्यावरही जगेल."

ऋतुजा हलकेच म्हणाली, "टोच गं बाई."

लव निजली. कातडी सैल, मऊ झाली. विश्वासाने पडून राहिली. नफीसाने सुई उचलली.

"थांब."

दवाखान्यात आईचा हात धरून ऋतुजा एकच म्हणत राहिली होती, 'ऊठ, घरी जायचंय.' आता ती बशीवर वाकली. काच कोमट होती.

"आई, नको म्हणालीस तरी चालेल," ती म्हणाली. "जा तू."